सहा महिने उभी राहणारी बुलेट आणि दर रविवारची पाच मिनिटं

एकाने मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मालवणजवळच्या गावात घर, नोकरी मर्चंट नेव्हीत. गाडी २०१६ची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०, कार्बोरेटरवाली. जूनच्या सुरुवातीला जहाजावर जायचं ते डिसेंबरातच परत. तोवर गाडी पडवीत. गेल्या वर्षी वडील दर रविवारी न चुकता पाच-सात मिनिटं सुरू करून ठेवायचे. एवढं करूनही डिसेंबरात ती धड चालू झाली नाही, कार्बोरेटर उघडावा लागला, आणि ऑईलच्या झाकणाला आतून पांढरट साय धरलेली होती. ‘विंटर स्टोरेज’चे परदेशी व्हिडिओ बघून झाले. आता इंजिनासाठी नेमकं काय करायचं, ऑईल जाण्याआधी बदलायचं की आल्यावर, आणि टाकी भरून ठेवायची की रिकामी, हे त्यांना हवंय.

माझं गॅरेज कुडाळला आहे. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाड्या ऑक्टोबरपासून आमच्या दारात यायला लागतात, त्यातल्या निम्म्या चाकरमान्यांच्या किंवा बोटीवरच्या पोरांच्या. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वडिलांचं. ती साय वडिलांनी गाडी सुरू केली म्हणूनच आली. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभरच पाणी तयार होतं. गाडी रस्त्यावर तापलेली असते तेव्हा हे पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं, दिसतही नाही. पण थंड इंजिनात त्यातली काही वाफ पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या कप्प्यात, उतरते आणि थंड धातूला लागून पुन्हा पाणी होते. हे पाणी ऑईलमध्ये घुसळलं जातं आणि त्याचीच ती साय. गाडी जागेवर पाच-सात मिनिटं चालवून बंद करा आणि हात लावून बघा. वर हेडला लावलात तर चटका बसेल, खाली चेंबरला लावलात तर जेमतेम कोमट लागेल. एअर-कूल्ड इंजिन वरून तापतं, ऑईल तापायला वेळ लागतो. ऑईल नीट गरम होऊन त्यातलं पाणी उडून जायला अर्धा तास तरी रस्त्यावर चालवावी लागते. जागेवर उभी ठेवून ते होत नाही.

त्यात पावसाळ्यातली थंड गाडी चोक ओढल्याशिवाय सुरू होत नाही. चोकवर जास्तीचं पेट्रोल आत जातं, त्यातलं न जळालेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरची ऑईलची फिल्म धुऊन खाली उतरतं आणि ऑईल पातळ करतं. सेल्फ मारायला बॅटरीने जे दिलं ते पाच मिनिटांच्या आयडलिंगमध्ये परत भरत नाही. सायलेन्सरमध्ये थोडं पाणी साठतं, आणि सायलेन्सर आतून कुजायला लागतो. म्हणजे दर रविवारी इंजिनात थोडं पाणी, थोडं पेट्रोल जात होतं, आणि बाहेर काहीच पडत नव्हतं. सहा महिने नुसती उभी राहिलेली गाडी यापेक्षा बऱ्या अवस्थेत माझ्याकडे येते, हे मी पैजेवर सांगेन.

तेव्हा माझा नियम असा: सुरू करायची असेल तर पंधरा दिवसांतून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर चालवायची, नाहीतर हातच लावायचा नाही. मधला मार्ग नाही. तुमचे वडील भर पावसात चौक्याच्या चढावर बुलेट काढणार आहेत का, हे तुम्हीच ठरवा. मला वाटतं नाही. मग दुसरा पर्याय उरतो, गाडी नीट बंद करून ठेवायची.

आता त्या व्हिडिओंविषयी. जर्मनीत किंवा कॅनडात हिवाळ्यात गाडी ठेवतात तेव्हा त्यांना भीती असते ती शून्याखालच्या तापमानाची: रेडिएटरमधलं पाणी गोठेल, उतरलेली बॅटरी गोठून फुटेल, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ धातू खाईल. तुमच्या क्लासिकला रेडिएटरच नाही. शिवाय थंड हवेत मुळात पाणी कमी मावतं, त्यामुळे त्यांची बंद गॅरेजं आपल्या पडवीपेक्षा किती तरी कोरडी असतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा उबदार आणि दमट, दोन्ही एकदम. त्यात तुमचं घर समुद्राजवळ. मिठाचा एक गुण आहे, हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी स्वतःच ओढून घेतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या बरणीतलं मीठ ओलं होतं ते याचमुळे. वाऱ्याबरोबर आलेलं तेच मीठ इंजिनाच्या फिनांवर (हवेने गार होण्यासाठीच्या पट्ट्यांवर), बोल्टांवर, सायलेन्सरच्या तोंडात बसलेलं असतं. आणि कोकणात चार महिने आर्द्रता पंचाहत्तरच्या खाली फारशी उतरत नाही. म्हणजे पावसाचा थेंबही न लागता गाडी चार महिने ओली असते.

त्यांच्या व्हिडिओतलं बरंचसं काम आपल्यालाही लागू आहे, फक्त भर वेगळ्या जागी द्यावा लागतो. त्यांचं लक्ष थंडीवर असतं, आपलं ओलसर हवा इंजिनात शिरू न देण्यावर हवं.

कामाला लागण्याआधी काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या सांगून टाकतो. गाडी दीड-दोन महिनेच उभी राहणार असती तर यातलं निम्मं सोडून द्या म्हटलं असतं: ऑईल बदला, कार्बोरेटर रिकामा करा, बस. तुमची इंजेक्शनवाली गाडी असती तर पेट्रोलचा भाग वेगळा असता, तो पुढे येईल. आणि सगळ्यात मोठा प्रश्न चतुर्थीचा आहे. मुंबईहून चुलतभाऊ येणार, पडवीत बुलेट दिसणार, आणि कोणीतरी बाजारात जायला किल्ली मागणारच. याचा विचार आत्ताच करून ठेवा, कारण मी जे सांगणार आहे ते केलेली गाडी कोणी न सांगता सुरू केली तर नुकसान होऊ शकतं.

ऑईल जाण्याआधी बदलायचं. वापरलेल्या ऑईलमध्ये जळण्यातून आलेली आम्लं असतात, थोडं पाणी आणि पेट्रोल असतं. नव्या ऑईलमध्ये ही आम्लं मारणारी द्रव्यं घातलेली असतात, जुन्या ऑईलमध्ये ती बरीचशी संपलेली असतात. असं ऑईल बेअरिंगांना आणि कॅमला लावून सहा महिने ठेवण्यात काय अर्थ आहे? गाडी आधी चांगली फिरवून आणा, गरम असतानाच ऑईल काढा म्हणजे गाळ सोबत येतो. फिल्टर बदला. तुमच्या यूसीई इंजिनाला (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच घरात असलेलं) १५डब्ल्यू-५० ग्रेडचं ऑईल लागतं, डब्यावर जासो एमए (ऑईलमध्ये बुडालेल्या क्लचला चालतं याची खूण) लिहिलेलं असलं पाहिजे. स्वस्त मिळालं म्हणून कारचं ऑईल घालू नका. बुलेटचा क्लच ऑईलमध्येच बुडालेला असतो आणि कारच्या कित्येक ऑईलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनी तो सरकायला लागतो. नवं ऑईल घातलं की पुन्हा दहा-पंधरा किलोमीटर चालवा, नवं ऑईल सगळीकडे पोचू दे. हे ऑईल डिसेंबरात परत बदलायची गरज नाही. न चाललेल्या इंजिनात ते तसंच राहतं. उजव्या बाजूच्या काचेतून बघा, मधासारखं दिसलं तर चालवा, दुधाळ दिसलं तर बदला.

जुन्या कास्ट आयर्न बुलेटवाल्यांसाठी जाता जाता. तुमच्या इंजिनात ऑईल वेगळ्या कप्प्यात असतं आणि गाडी महिनोन् महिने उभी राहिली की पंपातून झिरपत खाली चेंबरमध्ये उतरतं. ते खालच्या ड्रेनमधून काढल्याशिवाय किक मारू नका. नाहीतर धुराने गाव भरेल आणि ब्रीदरमधून ऑईलची पिचकारी उडेल. गाडी बिघडली समजून घाबरून फोन येतात, बिघडलेलं काही नसतं.

आता पेट्रोल. गेल्या वर्षी तुमचा कार्बोरेटर कशाने चोंदला ते इथे आहे. कार्बोरेटरच्या तळाशी फ्लोटचा बाऊल असतो, त्यात थोडंसंच पेट्रोल असतं. त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट, वार्निशसारखा थर राहतो. पायलट जेटचं (आयडलिंगला पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोटीचं) भोक मिलिमीटरच्या अंशाइतकं असतं, ते बुजायला हा थर पुरतो. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि ओढलेलं पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाला बसतात. टाकीचा तळ, बाऊलचा तळ, जिथे धातू आहे तिथेच. बाऊल उघडला की आत पांढरी भुकटी आणि पितळी जेटवर हिरवट डाग दिसतात ते यानेच. तुमची गाडी वीस टक्के इथेनॉल धरून बनवलेली नाही, त्यामुळे पेट्रोलचा रबरी पाईपही एकदा दाबून बघा. कडक किंवा चिरलेला असेल तर जाण्याआधीच बदला. पाईप गळत असताना बंद पडवीत भरलेली टाकी ठेवायची नाही.

कार्बोरेटर रिकामा करायचाच, यात दुमत नको. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवतात, ते ठीक आहे पण पुरेसं नाही. जेटला पेट्रोल मिळेनासं झालं की इंजिन थांबतं, तरी बाऊलच्या तळाला थोडं उरतंच, आणि घाण नेमकी तिथेच असते. बाऊलच्या खाली एक छोटा ड्रेन स्क्रू आहे. खाली काचेची बाटली धरा आणि तो सोडा. स्क्रू पितळेचा असतो, खाचेत नीट बसणारा स्क्रूड्रायव्हरच वापरा, नाहीतर डोकं खराब होऊन पुढच्या वर्षी तो निघणारच नाही. बाटलीतलं पेट्रोल उजेडात धरून बघा. तळाला थेंब वेगळा दिसला तर टाकीत पाणी आहे. मात्र थेंब दिसला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, थोडं पाणी इथेनॉल स्वतःत मुरवून घेतं आणि डोळ्याला दिसत नाही.

टाकीचं उत्तर इतकं सरळ नाही. टाकी पत्र्याची आहे. अर्धी भरलेली ठेवली तर वरच्या अर्ध्या भागात दमट हवा राहणार, आणि आतून गंज धरला की तो कायमचा. ॲसिडने धुऊन, कोटिंग करूनही पुन्हा पुन्हा कार्बोरेटरमध्ये लाल धूळ येत राहते. म्हणून मी गिऱ्हाइकांना सांगतो की टाकी काठोकाठ भरा, कॉक बंद करा आणि डिसेंबरात ते पेट्रोल निम्मं काढून ताजं मिसळून वापरा. भरायचं ते जास्त खप असलेल्या पंपावरून. फ्युएल स्टॅबिलायझर ऑनलाइन मिळालं तर बाटलीवर दिलेल्या मापाने घाला, आणि घातल्यावर गाडी थोडी चालवा म्हणजे ते कॉक-पाईपपर्यंत पोचेल. त्यानंतरच बाऊल रिकामा करायचा. पण पडवीला लागूनच चूल असेल, किंवा घरात लहान मुलं आणि दिवाबत्ती असेल, तर भरलेली टाकी मी सुचवणार नाही. मग टाकी पूर्ण रिकामी करा, त्यात पेलाभर ऑईल ओता, झाकण लावून गाडी डावी-उजवी, पुढे-मागे हलवून ते आत सगळीकडे फिरवा आणि उरलेलं काढून घ्या. डिसेंबरात अर्धा लिटर पेट्रोल घालून, खळबळून, ते फेकून द्यायचं. त्रास जास्त आहे, पण घरापेक्षा टाकी मोठी नाही.

इंजेक्शनवाल्या गाड्यांचे मालक हे वाचत असतील तर तुम्ही टाकी रिकामी करू नका. तुमचा पंप टाकीत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. तो दमट हवेत उघडा राहिला की गंजतो. भरून ठेवा, स्टॅबिलायझर घाला, बस.

आता खरं इंजिन, म्हणजे सिलिंडर. याकडे फार कमी लोक बघतात. कुठल्याही इंजिनात गाडी बंद केली की पिस्टन कुठेतरी थांबतो आणि त्या वेळी कदाचित इनटेक किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहतो. एक्झॉस्ट उघडा राहिला तर सायलेन्सरमधून आलेली खारी, दमट हवा थेट बोअरपर्यंत, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीपर्यंत, जाते. बोअरची स्लीव्ह बिडाची आहे, रिंगा बिडाच्या किंवा पोलादाच्या. मी उघडलेल्या अशा इंजिनांत बोअरच्या भिंतीवर एक आडवी काळपट रेघ दिसते, बरोबर रिंगा टेकल्या होत्या तिथे. नखाने चाचपली तर नख अडकतं. गाडी त्यानंतरही सुरू होते, चालते, पण ऑईल प्यायला लागते आणि मालकाला वाटतं गाडी जुनी झाली.

हे टाळायला दोन गोष्टी. पहिली, बोअरला ऑईल. तुमच्या क्लासिकला दोन स्पार्क प्लग आहेत, दोन्ही बाजूंना एकेक. किल्ली बंद, आणि काढून खिशात. दोन्ही प्लगच्या कॅप काढा. मग प्लगच्या भोवतीची माती फुंकून किंवा ब्रशने झाडून टाका, नाहीतर प्लग काढताच ती आत पडते. दोन्ही प्लग काढा. मेडिकलमधून दहा मिलीची सिरिंज आणि सलाईनच्या नळीचा तुकडा आणा. प्लगचं भोक तिरकं असल्याने नळीशिवाय ऑईल बाहेरच ओघळतं. तेच इंजिन ऑईल, पाच ते दहा मिली, जास्त नाही. कोणीतरी कुठेतरी वाचून अर्धा कप ओततं. प्लग बसवून सेल्फ मारल्यावर ते ऑईल दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड मात्र वाकतो. ऑईल घातल्यावर प्लग न बसवता किक हाताने चार-पाच वेळा सावकाश दाबा. पिस्टन वरखाली होऊन ऑईल भिंतीवर पसरेल. भोकासमोर तोंड ठेवू नका, फवारा येतो.

दुसरी गोष्ट, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील अशा जागी इंजिन थांबवायचं, म्हणजे कॉम्प्रेशनच्या टॉपला, पिस्टन सगळ्यात वर असताना. सिंगल सिलिंडरचा हा मोठा फायदा आहे. एकच सिलिंडर, तो बंद झाला की काम झालं. किकवर जोर लागतो तिथे टॉप, असं जुने लोक सांगतात. या इंजिनात सेल्फ हलका जावा म्हणून सुरुवातीला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थोडा उचलून धरणारी सोय आहे, त्यामुळे किकवरून नेमकं कळत नाही. माझी पद्धत अशी: गाडी मेन स्टँडवर, पाचवा गिअर टाकलेला, प्लग काढलेले. एक प्लग तात्पुरता हाताने बसवा म्हणजे हवा तिथून निसटणार नाही, दुसऱ्याच्या भोकावर अंगठा ठेवा आणि दुसऱ्या कोणाला तरी मागचं चाक पुढच्या दिशेने सावकाश फिरवायला सांगा. एका क्षणी हवा अंगठा ढकलायला लागेल, ते कॉम्प्रेशन. फिरवत राहा, आणखी सावकाश. हवा यायची थांबली की थांबा. तिथे पिस्टन वर आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद. हवा ढकललीच नाही आणि पिस्टन वर आला, तर तो एक्झॉस्टचा टॉप, अजून एक फेरी फिरवा. मग गिअर न्यूट्रलला आणा, प्लग हाताने बसवून मग पान्याने बेताचे आवळा, कॅप लावा. यानंतर इंजिन फिरवायचं नाही, नाहीतर केलेलं सगळं वाया.

या जागी ठेवल्याचा आणखी एक फायदा या इंजिनात मिळतो. यूसीईला हायड्रॉलिक टॅपेट (व्हॉल्व्ह उचलणारे भाग) आहेत, त्यांच्या पोटात ऑईल असतं. व्हॉल्व्ह उघडा राहिला की स्प्रिंगचा दाब सतत त्या टॅपेटवर पडतो आणि ऑईल हळूहळू निघून जातं. दोन्ही व्हॉल्व्ह बंद असले की तो दाब नसतो.

आता बाहेरून येणारी हवा बंद करा. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा प्लास्टिकच्या पिशवीत घालून घट्ट बसवा. नुसतं कापड नको, ते स्वतः ओलावा धरतं. एअर फिल्टरच्या बॉक्सचं तोंडही तसंच बंद करा. यामागे दमटपणाइतकंच मोठं कारण आमच्याकडचे किडे आहेत. कुंभारमाशी सायलेन्सरच्या तोंडात मातीचं घर करते, आणि उंदरांना फिल्टरचा कागद फार आवडतो. एका गाडीच्या फिल्टर बॉक्समध्ये उंदरीण पिलांसह निघाली होती, आणि ती गाडी ‘पिकअप घेत नाही’ म्हणून आली होती.

बोळा बसवलात की टाकीवर ठळक अक्षरांत कागद चिकटवा: ‘सुरू करू नका, सायलेन्सर बंद आहे, आत ऑईल आहे.’ चतुर्थीच्या पाहुण्यांसाठी हा कागद आणि किल्ली आईच्या कपाटात. चतुर्थीला गाडी वापरायचीच असं ठरलं असेल तर सरळ दोन भाग करा. तोपर्यंत सिलिंडरमध्ये ऑईल न घालता फक्त ऑईल बदल, कार्बोरेटर रिकामा आणि टाकी भरलेली. सणात भाऊ चार दिवस चांगली चालवू देत, आणि जाताना पुन्हा बाऊल रिकामा करून, सिलिंडरमध्ये ऑईल घालून बंद करून जाऊ देत. हा लेख त्यांना पाठवा.

गाडी कुठे उभी करायची हेही इंजिनाइतकंच महत्त्वाचं. पडवी चांगली, पण गोठ्याच्या बाजूची नको. शेणामुताचा अमोनिया पितळ आणि तांबं खातो, म्हणजे जेट, वायरींची टोकं, कॉक. खताच्या पोत्यांजवळही नको. युरिया दमट हवेत पाणी धरतं आणि त्याचे कण उडून बसतात. जमीन सारवलेली किंवा जांभ्याची असेल तर चाकांखाली आणि मेन स्टँडखाली फळ्या टाका. आणि कृपा करून प्लास्टिकची ताडपत्री गुंडाळू नका. खालून जमिनीची ओल वर येते आणि आतच कोंडते. दोन महिन्यांनी ताडपत्री काढली की पत्र्यावर पाण्याचे थेंब लोंबत असतात, क्रोमवर ठिपके पडलेले असतात. जुनी सुती चादर टाका. धूळ थांबते, हवा खेळते. चादर टाकण्याआधी गाडी गोड्या पाण्याने धुऊन, चालवून पूर्ण कोरडी करून, फिनांवर आणि बोल्टांवर ऑईलचं पुसट बोट फिरवा. ब्रेकच्या डिस्कला मात्र ऑईलचा हात लागू देऊ नका.

इंजिन सोडून बाकीचं दोन वाक्यांत: बॅटरी काढून घरात ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्जरवर लावा, चेनला ऑईल, टायरमध्ये हवा थोडी जास्त. मीटरवर बॅटरी १२.४ व्होल्टच्या खाली गेलेली दिसली तर महिन्याची वाट बघू नका, लगेच चार्ज करा.

तुमच्या वडिलांना ‘गाडीला हात लावू नका’ सांगून चालणार नाही, हे मला कळतं. घरात उभी असलेली बुलेट बघून कोणाच्याही पायाला किक मारावीशी वाटते. त्यांना बॅटरीचं काम द्या. महिन्याला एकदा चार्जर लावणं, चादर काढून फिनांवरचं मीठ कोरड्या फडक्याने पुसणं, सायलेन्सरचा बोळा जागेवर आहे का बघणं, टायर एकाच जागी दबू नयेत म्हणून न्यूट्रलमध्ये मागचं चाक हाताने थोडं फिरवणं. न्यूट्रल असल्याने त्यात इंजिन फिरत नाही. किक नाही, सेल्फ नाही.

डिसेंबरात आल्यावर घाई करू नका. सायलेन्सर आणि फिल्टरचे बोळे आधी काढा, आणि ते काढलेत हे हात घालून बघा. ऑईलची काच बघा. टाकीचं झाकण उघडून वास घ्या. पेट्रोलचा नेहमीचा उग्र वास न येता आंबूस, वार्निशसारखा वास आला तर ते कार्बोरेटरमध्ये सोडू नका, पूर्ण काढून टाका. वास ठीक असेल तर निम्मं काढून ताजं भरा. दोन्ही प्लग काढून, किल्ली बंद ठेवून, दहा-बारा किक सावकाश मारा. सिलिंडरमध्ये उरलेलं ऑईल बाहेर येईल आणि पंप वरपर्यंत ऑईल पोचवेल. प्लग पेट्रोलने पुसून बसवा. क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या असण्याची शक्यता आहे, म्हणून गाडी सुरू करण्याआधी वरच्या गिअरमध्ये टाकून, क्लच दाबून, पुढे-मागे हलवा. सुटल्या की चाक मोकळं फिरतं. न सुटता सुरू करून पहिला टाकलात तर गाडी अंगावर उडी मारते.

मग कॉक उघडा, बाऊल भरायला मिनिटभर द्या आणि सुरू करा. पहिल्यांदा निळसर-पांढरा धूर येईल, ते तुम्हीच घातलेलं ऑईल आहे, थोड्या वेळात थांबतो. हेडकडून टकटक आवाजही येईल. टॅपेटमध्ये ऑईल भरेपर्यंत तो असतो, ॲक्सिलरेटर न वाढवता मिनिट-दोन मिनिटं थांबलात की बंद होतो. त्या आवाजावर कोणी मेकॅनिक ‘टॅपेट सेट करतो’ म्हणाला तर त्याला गाडी देऊ नका, या इंजिनात टॅपेटचं सेटिंगच नाही. आणि मग बाजारापर्यंत नाही, सरळ कुडाळपर्यंत चालवून आणा. येताना दारात थांबलात तर चहा आहेच.